खोकी पुसली, हवेचं काय?

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीतली छपरं उडवली, तीही ऐन कोरोनात. पत्रे, ताडपत्र्या, धान्य ट्रकने आलं. उतरवायला माणसंच लागली. तेव्हा संसर्गाच्या भीतीने आपण खोकी पुसत होतो. प्रयोगशाळेत कोरोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकलेला दिसला होता. पण तो मुख्यतः श्वासातून पसरतो, हे पुढे स्पष्ट झालं. दोघं मिळून पोतं उचलतात तेव्हा तोंडं हातभर अंतरावर येतात, धाप लागते, घामाने ओला मास्क नाकाखाली घसरतो. म्हणून अशा कामात उपाय हवेत; त्यांत ताप आलेल्याला पगारी रजा मला सर्वांत मोलाची वाटते. रोज बुडणार असेल तर ताप लपवला जातो. शिवाय कोरडा जादा मास्क हवा, गोदामाची समोरासमोरची दारं उघडी हवीत आणि टेम्पोच्या काचा खाली, पावसातही, निदान चार बोटं.