नकार, पण कारण नाही

मागच्या वेळी आपण समतेच्या तत्त्वाबद्दल बोललो. तेव्हा शेवटी एक प्रश्न आला होता: संविधानात समता आहे, मग नोकरी शोधताना, भाड्याने घर घेताना ती जाते कुठे? आज तेवढंच बघू.

आधी कागदावरचा भेदभाव घेऊ. एअर इंडियात हवाई सुंदरींना ३५व्या वर्षी निवृत्ती होती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली, आणि पहिल्यांदा गर्भवती राहिली तरी संपली. विमानातल्या पुरुष पर्सरची निवृत्ती ५८ला. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली, पण लग्नाची अट राहू दिली. का? तर इतर कारणांबरोबर कुटुंबनियोजनालाही तिची मदत होते म्हणून! असो. आपला मुद्दा वेगळा आहे. नियम लिहिलेला होता, म्हणून त्याच्याशी भांडता तरी आलं.

आता न लिहिलेला भेद बघा. तुम्ही अर्ज पाठवता, उत्तर येत नाही. का आलं नाही? अर्ज पाचशे असतील, जागा भरली असेल, तुमचा अनुभव कमी पडला असेल. प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे. एकट्या माणसाला आपल्या बाबतीत भेदभाव झाला हे कळायचं साधनच नसतं.

ते साधन सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वापरलं. २००५-०६च्या सुमारास वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी: एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. ढोबळ हिशेब असा निघाला की उच्चवर्णीय नावाला तीनदा बोलावणं आलं तर दलित नावाला दोनदा आणि मुस्लिम नावाला एकदा. लक्षात घ्या, अजून कोणी कोणाचं तोंडही पाहिलेलं नाही. आपल्याकडे 'आडनाव काय?' हा प्रश्न किती सहज विचारतात! इथे तो विचारायचीही गरज पडली नाही.

बरं, हे अर्ज बाजूला टाकणारे सगळे दुष्ट होते का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. ते म्हणत, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि त्याच दमात म्हणत, मुलाखतीत आम्ही घरची पार्श्वभूमी विचारतो. दोन्ही अगदी मनापासून. वडील काय करतात यावरून मुलाची लायकी ठरवायची आणि तिला गुणवत्ता म्हणायचं, यात त्यांना विसंगती दिसत नव्हती.

घराचं प्रकरण आणखी अवघड. कारण तिथे मालक उघड म्हणतो, 'घर माझं आहे, मी कोणालाही देईन.' किंवा, 'आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीतले बाकीचे…' एकट्या बाईला 'फॅमिलीलाच देतो', कोणाला 'मांसाहार चालत नाही', आणि नाव ऐकल्यावर 'कालच गेली जागा'. एका मालकाला असं स्वातंत्र्य असावं असं आपल्यालाही वाटेल. पण गल्लीतले दहाही मालक तेच स्वातंत्र्य वापरू लागले की कोणालाही गुन्हेगार न ठरवता एका माणसाला ती गल्ली बंद होते. दहांपैकी प्रत्येक जण म्हणू शकतो, मी फक्त माझं दार लावलं.

आणि संविधान? कलम १५(२) वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या बाबतीत नागरिकानेही नागरिकाला अडवायचं नाही, असं त्यात आहे. विहीर आहे, पण भाड्याचा फ्लॅट त्या यादीत नाही. उलट २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना देणं सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं. छोट्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं आपण समजू शकतो. पण तीच मुभा मोठ्या, पैसेवाल्या समाजाने घेतली की तिचा अर्थ पार बदलतो, आणि मुंबईत तो कसा बदलतो हे घर शोधलेल्या कोणालाही विचारा.

अमेरिकेत १९६८ सालापासून घरांच्या बाबतीत असा भेद बेकायदा आहे. तिथे एक पद्धत रूढ झाली: एकाच जागेसाठी एक काळी आणि एक गोरी व्यक्ती चौकशीला पाठवायची. व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळ काळ्या बाईला सांगितलं, जागा नाही. गोऱ्या माणसाला सांगितलं, आहे. तिला खरं तर घर घ्यायचंच नव्हतं, मग तिचं नुकसान काय झालं? १९८२ साली तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तिला खरी माहिती मिळण्याचा हक्क होता आणि तो मोडला, म्हणून ती दावा लावू शकते. गोऱ्याला मात्र तो आधार नाही, कारण त्याला खरंच सांगितलं होतं.

आपल्याकडे हा प्रयोग करायला दोन फोन पुरतात. पण त्यातून जे कळेल ते घेऊन कोणाकडे जायचं? चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.