‘जेडर बले’ : एक उपेक्षित हेरपट

ज्या नटाने १९६३ साली पडद्यावर तुकोबांची भूमिका केली, त्याच नटाने अवघ्या पाच वर्षांनी अंगात कोट चढवून आणि हाती पिस्तूल घेऊन गुप्तहेर म्हणून प्रेक्षकांसमोर यावे, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना जरा चमत्कारिकच वाटेल. आपल्याकडे विष्णुपंत पागनिसांनी असे काही करण्याचे मनात आणले असते, तर प्रेक्षकांनीच त्यांना परत फिरविले असते! कर्नाटकात मात्र हे घडले. तो नट म्हणजे डॉ. राजकुमार, आणि तो चित्रपट १९६८ चा ‘जेडर बले’, म्हणजे आपल्या भाषेत ‘कोळ्याचे जाळे’.

या चित्रपटाचे नाव आज फारसे निघत नाही. निघाले तर ‘बाँडपटाची कन्नड नक्कल’ एवढे म्हणून त्याची बोळवण होते. त्याच मालिकेतील १९७८ च्या ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’मध्ये राजकुमारांनी स्वतः गायिलेले एक इंग्रजी शब्दांचे गाणे अलीकडे भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचले आहे. ते ऐकून तरुण मंडळी हसतात आणि तेवढ्यावरून साऱ्या मालिकेची किंमत ठरवितात. हा अन्याय आहे, आणि तो सप्रमाण दाखवावा, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

नकलेचा आरोप प्रथम घेऊ. तो खोटा नाही. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून जेम्स बाँडची जी साथ आली, ती साऱ्या जगभर पसरली. तेलुगूत १९६६ साली ‘गूढचारी ११६’ निघाला, त्यावरून पुढच्याच वर्षी हिंदीत जितेंद्रचा ‘फर्ज’ आला. ‘जेडर बले’ त्याच लाटेवरचा. नायकाला नावाऐवजी आकडा लावण्याची युक्तीही तिकडचीच. परंतु उसना अंगरखा कोणाच्या अंगावर चढला, हेही पाहावयास नको काय?

कथानक थोडक्यात असे आहे. हलक्या धातूचे सोने बनविण्याचे सूत्र एका शास्त्रज्ञाच्या हाती लागते. दुष्टांची दृष्टी त्या सूत्रावर जाते आणि त्यांचा माग काढण्याचे काम प्रकाश नावाच्या हेराकडे, म्हणजे सी.आय.डी. ९९९ कडे येते. परीस ही कल्पना आपल्याकडे जुनीच, पण १९६८ साली ती नुसती कल्पना राहिलेली नव्हती. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण जारी केले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी आली. किती सोनारांच्या भट्ट्या विझल्या, किती घरांतील लग्ने अडली, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी सुवर्णनियंत्रणाचा कायदाही झाला, आणि तो १९९० पर्यंत टिकला. अशा काळात सोने निर्माण करण्याचे सूत्र म्हणजे एका दृष्टीने देशाचे भाग्य आणि दुसऱ्या दृष्टीने देशावरचे संकट. शुद्ध सोन्यावर सराफ ९९९ हाच आकडा घालतात. योगायोगच असावा, पण कथेला तो शोभून दिसतो.

हुबळी-धारवाडच्या प्रेक्षकाला तर हे सारे अधिकच जवळचे होते. हुबळीहून लोंढ्यावरून मुरगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कॅसलरॉक हे स्थानक आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ते सरहद्दीचे ठाणे होते. त्याच्या पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल, म्हणून अलीकडे सामानाची झडती. गोव्याहून चोरवाटेने येणारे सोने आणि परदेशी माल यांच्या गोष्टी या भागात कादंबरीतून यावयाच्या नव्हत्या, त्या गाडीच्या डब्यात ऐकावयास मिळत. म्हणून त्याच १९६८ साली मालिकेचा दुसरा चित्रपट ‘गोवादल्ली सी.आय.डी. ९९९’ आला, तेव्हा इथल्या माणसाला बाँडच्या जमेकाइतके दूर जाण्याची गरजच नव्हती.

आता राजकुमारांविषयी. कन्नप्पा, कनकदास, कबीर, तुकाराम, राघवेंद्रस्वामी अशा भूमिकांनी त्यांच्याभोवती एक पावित्र्य उभे राहिले होते. माझ्या मते चित्रपटाचे खरे बळ येथेच आहे. बाँड हा मुळात निर्दय माणूस. तो जिंकतो, पण आपण त्याच्यावर विश्वास टाकीत नाही. राजकुमारांचा प्रकाश खोड्या करतो, नायिकेची थट्टा करतो, दोन हात करतो, आणि तरीही या माणसाच्या हाती हे सूत्र सुरक्षित राहील, अशी खात्री प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून वाटते. ही खात्री लेखकाला संवादांतून निर्माण करावी लागली नाही, नटाने ती बरोबर आणली. समोर उदयकुमारांसारखा दणकट नट उभा असल्याने आणि जोडीला जयंती असल्याने रंग अधिकच खुलतो.

दिग्दर्शक दोघे, दोराई आणि भगवान. दोराईराज मूळचे छायालेखक. कृष्णधवल चित्रणातील काळोखाचा उपयोग पाहताना याची आठवण ठेवावी. एस. के. भगवान यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘संध्याराग’च्या दिग्दर्शनात भाग घेतला होता. कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी शिकलेले भीमसेन जोशी ज्यात गायिले, तोच हा चित्रपट. त्याचे संगीतकार जी. के. व्यंकटेश हेच ‘जेडर बले’चेही संगीतकार. शास्त्रीय गायकाच्या कथेला सूर देणारा हात हेराच्या कथेतही तितक्याच सहजतेने चालावा, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

दोष आहेतच. मारामाऱ्या कित्येकदा लुटुपुटीच्या वाटतात, यंत्रांच्या करामती पाहून आजचे शाळकरी पोरही हसेल, आणि विनोदी प्रवेश कथेची गती अडवितात. पुढे याच जोडीने ‘कस्तुरी निवास’ आणि ‘एरडु कनसु’ यांसारखे घरगुती, हळवे चित्रपट काढले. लोकांनी ते डोक्यावर घेतले आणि हेरपट ही तरुणपणीची मौज ठरली. १९६९ च्या ‘ऑपरेशन जॅकपॉट’नंतर मालिकेत नऊ वर्षांचा खंड पडला, तोही याच कारणाने की काय, कोण जाणे. दोराईराज केव्हाच गेले, २००६ साली राजकुमार गेले, २०२३ च्या फेब्रुवारीत भगवानही गेले.

ज्या श्रोत्यांना कन्नड समजते, त्यांनी आधी ‘जेडर बले’ पाहावा, मग गोव्याचा, आणि रंगीत हिऱ्यांचा चित्रपट सर्वांत शेवटी. ज्यांना समजत नाही, त्यांनी शेजारच्या एखाद्या कन्नड गृहस्थास बरोबर घ्यावे. धारवाडात असा शेजारी मिळण्यास अडचण पडणार नाही.