सात बायका आणि एक कायदा

चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या आयाबहिणींनो, आपण आता वाचायला शिकलो. मग ही खरी हकीकत वाचू या.

पूर्वी एखादा मुसलमान नवरा एका दमात तीन वेळा ‘तलाक’ म्हणे आणि संसार मोडे. बाई काय करणार? लेकरं घेऊन माहेरची वाट धरी.

कोकणातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई याविरुद्ध उभे राहिले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. मोर्चात मुसलमान बायका होत्या अवघ्या सात! पण त्या घराबाहेर पडल्या, बोलल्या.

दलवाई १९७७ साली वारले. पत्नी मेहरुन्निसाबाईंनी काम चालू ठेवलं. आपली कहाणीही लिहिली. पुस्तकाचं नाव ‘मी भरून पावले आहे’.

२०१७ साली सुप्रीम कोर्टानं असा तलाक रद्द ठरवला. २०१९ साली कायदा झाला. तोंडानं म्हणा, चिठ्ठीत लिहा, की फोनवर कळवा, अशानं निकाह मोडत नाही. उलट नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बायको स्वतःसाठी व मुलांसाठी खर्च मागू शकते.

सात जणींच्या मोर्चानंतर कायद्याला त्रेपन्न वर्षं लागली. आता तो माहीत नसेल तर काय उपयोग? शेजारणीला हा धडा वाचून दाखवा.