हस्की आणू की गल्लीतलं पिल्लू?

परवा सरावलीत एका काकांनी मोबाईलवर हस्कीच्या पिल्लाचा फोटो दाखवला. मुलगी हट्ट धरून बसली होती. मी विचारलं, "काका, दिवसभर एसी चालू ठेवणार का?"

हस्की मूळचा सायबेरियाचा, अंगावर केसांचे दोन थर. आपल्याकडे मे महिन्यात बोईसर स्टेशनवरून घरी येईपर्यंत शर्ट पिळायची वेळ येते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून चपट्या नाकाच्या पगलाही हा उकाडा जड जातो.

जातिवंतच हवं? जरूर घ्या. पण 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई बघायला मागा. टाळाटाळ झाली तर सरळ निघा.

माझ्या मते पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांनी दीड-दोन वर्षांचा रेस्क्यू केलेला देशी आणावा. उंची, स्वभाव, मुलांशी वागणं, सगळं समोर दिसतं. कानाचं टोक कापलेलं असेल तर बहुधा नसबंदी झालेली असते. सुरुवातीला तो कोपरा धरून बसेल, कुकरच्या शिट्टीलाही दचकेल. मागे लागू नका, स्वतःहून येऊ द्या.

कुठलाही आणा, पार्व्हो आणि रेबीजची लस चुकवू नका. पावसाळ्यात कानामागे, बोटांच्या बेचक्यात रोज गोचीड बघा. ताप आला, खाणं सुटलं की थेट डॉक्टर.

घर केवढं, दिवसा घरी कोण असतं, एवढं लिहून विचारा. जमेल तसं उत्तर देतो.