गाईडमध्ये नसलेलं उत्तर

नववीतली मुलं. धडा वाचायला सांगितला की घडाघडा वाचतात. पण ‘काय समजलं?’ असं विचारलं की सगळ्या माना खाली! उत्तरं गाईडमध्ये तयार असतात, मग समजून कशाला घ्यायचं?

आमच्या इथल्या शाळेत दर शनिवारी मी मुलांकडून वाचून घ्यायला जाते. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा सगळे पेपर त्याच बातम्यांनी भरले होते. मला वाटलं, धडा राहू दे बाजूला, हेच वाचूया. कात्रण घेऊन गेले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीला म्हटलं, “वाच गं मोठ्यानं.” ती ‘दक्षिण ध्रुवा’पाशी अडली, पुढं ‘प्रज्ञान’ला पुन्हा अडखळली. वर्ग हसला. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही.

चूक माझी होती. तयारी नसताना चारचौघांत वाचायला लावलं की मूल वाचायला नाही, लाजायला शिकतं. मी तिच्या घरी गेले. आईसमोरच तिला सांगितलं, “बाळा, चुकलं माझं. आता कुणालाच एकदम मोठ्यानं वाचायला लावणार नाही.”

तेव्हापासून पद्धत बदलली. एका कात्रणाच्या झेरॉक्स, दोघांत एक. आधी मनातल्या मनात वाचायचं. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थ ओळखायचा. मग प्रत्येकानं एक प्रश्न लिहायचा, पण अट अशी, की उत्तर त्याला स्वतःला माहीत नसलं पाहिजे!

मग एकदा लोणारची दोन कात्रणं नेली. लोणार आमच्यापासून फार लांब नाही. सहलीला मुलं जाऊन आलेली. जून २०२० मध्ये तिथलं पाणी अचानक गुलाबी झालं होतं. पहिल्या कात्रणात नुसते अंदाज होते, पाण्यातला क्षार वाढला असेल, शेवाळ असेल. दुसरं कात्रण नंतरचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा त्यात ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव सापडले. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला, तसे हे जीव फोफावले. गुलाबी रंग त्यांचाच.

मी विचारलं, “दोन्ही कात्रणांत फरक काय?” बराच वेळ कुणी बोलेना. मग तीच मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “काकू, पहिल्यात ‘असावं’ लिहिलंय अन् दुसऱ्यात ‘आढळलं’.”

माझ्या अंगावर काटा आला! कुठला अंदाज आणि कुठली तपासलेली गोष्ट, हे तिनं एका क्रियापदावरून ओळखलं होतं. मोबाइलवर येईल ते खरं मानणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्यांनाही हे कुठं जमतं?

तिनं वहीत प्रश्न लिहिला होता, ‘मग रंग गेला कुठं?’ पुन्हा सगळी मुंडकी कात्रणात! उत्तर सापडलं, जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागलं. ते वाक्य तिनंच वाचून दाखवलं. मोठ्यानं, आपणहून. मध्ये एकदा अडखळली, पण कुणी हसलं नाही. कारण उत्तर सगळ्यांनाच हवं होतं.

मैत्रिणींनो, हे घरीही करता येतं. रद्दीत जाण्याआधी पेपरातली विज्ञानाची एक बातमी कापून ठेवा. भाजी निवडताना लेकीला म्हणा, “वाच बरं, मलाही माहीत नाही हे.” आणि दोनच गोष्टी विचारा, हे कुणी शोधलं? कशावरून म्हणतात?

परवा त्या मुलीची आई बाजारात भेटली. म्हणाली, “ताई, आता पोरगी पेपर आधी घेते. अन् वाचून झाल्यावर मलाच विचारते, आई, हे कशावरून?”