अलास्कातील ग्रामीण हायस्कुले : एक ऐतिहासिक विवेचन

अमेरिकेच्या अलास्का राज्यातील युकॉन नदीच्या मुखाजवळ एमोनॅक हे युपिक आदिवासींचे गाव आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे प्राथमिक शाळा होती; हायस्कूल मात्र नव्हते. अशा खेड्यांतील मुलांना सिटका येथील माउंट एजकम्ब निवासी शाळेत किंवा थेट ओरेगन व ओक्लाहोमा राज्यांत पाठविले जाई. शिक्षण की घर, असा पेच त्यांच्यापुढे उभा राही.

१९७२ मध्ये एमोनॅकच्या मॉली हूच या विद्यार्थिनीच्या नावे या व्यवस्थेविरुद्ध दावा दाखल झाला. गावातच हायस्कूल मिळण्याचा घटनात्मक हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अमान्य केला. तथापि भेदभावाचा मुद्दा खुला ठेवला. अखेर १९७६ मध्ये तडजोड होऊन १२६ खेड्यांना हायस्कूल देण्याचे राज्याने मान्य केले. गावाला ते नको असल्यास नाकारण्याची मुभाही होती. पुढे खनिज तेलाच्या उत्पन्नाचा या बांधकामांना मोठा आधार मिळाला.

अत्यल्प पटसंख्येमुळे प्रत्येक विषयास स्वतंत्र शिक्षक देणे या शाळांना कठीण जाते, हे खरे. तरीही शैक्षणिक समतेचा विचार करताना शाळा आणि घर यांतील अंतरही मोजावे लागते, हे या लढ्याने अधोरेखित केले.