घरचे चायनीज आणि मिठाचा हिशेब

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या मेहरूणमधलेच एक आप्पा, वय बासष्ट, गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी नेमाने घेणारे. दाब नेहमी १४०/९० च्या आसपास असायचा. त्या दिवशी मोजला तर १६८/१००. दहा मिनिटे स्वस्थ बसवून पुन्हा मोजला, तरी तेच. गोळ्या चुकल्या नव्हत्या. झोप ठीक, वजनही तेवढेच. लोणचे-पापड तर त्यांनी केव्हाच सोडलेले. बरोबर सूनबाई आल्या होत्या. त्यांना सहज विचारले, "हल्ली स्वयंपाकात काही नवीन?"

त्या कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टरकाका, मुलं तलावाकडे फिरायला गेली की गाडीवरचं मंचुरियन मागतात. म्हणून मी आता सगळं घरीच करते. आठवड्यातून तीन-चार दिवस होतंच. आप्पांनाही फार आवडतं. तेल चांगलं, अजिनोमोटो अजिबात नाही."

सूनबाईंचा हेतू उत्तम होता, आणि गाडीवरच्या, दिवसभर उकळत्या काळ्या तेलापासून त्यांनी मुलांना वाचवले हेही खरेच. पण मी त्यांना कृती सांगायला लावली. चार माणसांच्या मंचुरियनला सोया सॉस चार मोठे चमचे, अंदाजाने चिली सॉस, आणि वरून चमचाभर मीठ. हिशेब तिथेच लागला.

वाचकहो, हा हिशेब आपणही एकदा मांडून पाहावा. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाकरीतले, भाजीतले, चटणीतले, फरसाणातले सगळे आले. आपल्याकडे झालेल्या पाहण्यांत माणशी आठ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ पोटात जाते असे दिसले आहे. सोया सॉस हे मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने आंबवलेले सोयाबीन. त्याच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. चार चमच्यांचे आठ-दहा ग्रॅम, वरचे पाच ग्रॅम, आणि खाणारी माणसे चार. एका वाटी मंचुरियनमधून माणशी साडेतीन ग्रॅमच्या आसपास! चिली सॉस आणि सोबतचा फ्राइड राइस यात धरलेलाच नाही. जिभेला मात्र ते खारट लागत नाही, कारण साखर, आंबट आणि तिखट त्याला झाकून टाकतात.

अजिनोमोटोविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्याच्या भीतीपोटी खरा गुन्हेगार सुटून जातो. टोकियोतील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातली चव वेगळी काढली. तिचेच हे मीठ, मोनोसोडियम ग्लुटामेट. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट निसर्गतःच असते. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले, की चिनी जेवणानंतर मान बधिर होते, धडधडते. तेव्हापासून हा पदार्थ बदनाम झाला. पुढच्या तपासण्यांत, नेहमीच्या प्रमाणात तो खाऊन असा त्रास होतो हे ठामपणे सिद्ध झाले नाही. तान्ह्या बाळाच्या अन्नात तो घालू नये, आणि ज्याला सोसत नाही त्याने टाळावा, हे खरे. पण त्यात सोडियम सुमारे बारा टक्के असते, आपल्या साध्या मिठात एकोणचाळीस टक्के. अजिनोमोटोला घरात बंदी आणि सोया सॉसची बाटली मात्र उपडी, यात रक्तदाबाचा काहीच फायदा नाही.

आणि 'चायनीज' म्हणून आपण जे खातो ते चीनमधले आहे असेही समजू नये. मंचुरियनचा जन्म आपल्या मुंबईतला. कोलकात्याहून आलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातले, अशी त्याची हकिकत सांगतात. म्हणजे हा प्रयोगच मुळात आपल्या फोडणीवर झालेला आहे. मग आपल्या खानदेशी स्वयंपाकघराने तो आणखी थोडा पुढे न्यायला काय हरकत आहे?

मला पहिल्यांदा आठवले ते आपले फुणके. तुरीची डाळ भिजवून, मिरची-लसूण घालून भरड वाटायची, गोळे वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. मंचुरियनचा गोळा म्हणजे मैदा-कॉर्नफ्लॉवरमध्ये कालवलेला कोबी, तोही तळलेला. त्याच्या जागी फुणका का नको?

एका रविवारी दवाखाना बंद ठेवून मी स्वतः करून पाहिले. घरात हसू झाले ते झालेच. पहिल्या खेपेला मी कोबी किसून तसाच डाळीत घातला. त्याला पाणी सुटले आणि रश्शात टाकताच सगळे फुणके विरघळून पिठल्यासारखे झाले. दुसऱ्या खेपेला जमले ते असे. दीड वाटी तूरडाळ चार-पाच तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळून भरड वाटावी. एक वाटी बारीक चिरलेला कोबी आणि अर्धी वाटी किसलेले गाजर घट्ट पिळून त्यात घालावे. आले, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि मीठ अर्धा चमचा, जास्त नाही. लिंबाएवढे गोळे करून चाळणीत पंधरा-वीस मिनिटे वाफवावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम असताना रश्शात टाकण्याची घाई करू नये.

रश्शाला दोन चहाचे चमचे तेल पुरते. त्यात भरपूर लसूण, आले आणि दोन लालबुंद टोमॅटो परतावेत. सोया सॉस चहाच्या चमच्याने मोजून दोन चमचे. वेगळे मीठ नाही. चमचाभर कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून घालावे, खाली उतरवून लिंबू पिळावे आणि वाढताना फुणके सोडावेत. चार माणसांत विभागले तर माणशी एक ग्रॅमच्या आसपास मीठ होते. पिकलेला टोमॅटो आणि लिंबू असले की मीठ कमी असल्याचे जिभेला फारसे कळत नाही. डाळीचे प्रथिन मिळते ते वेगळेच.

नूडल्सच्या पाकिटातला मसाला हा बराचसा मीठच असतो. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असतो, त्याला अडीचने गुणावे म्हणजे मिठाचे प्रमाण कळेल. त्यापेक्षा उन्हाळ्यात केलेल्या गव्हाच्या शेवया डब्यात असतातच. त्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळाव्यात आणि दुप्पट भाज्या व मोडाच्या मुगाबरोबर परताव्यात. मधुमेह असणाऱ्यांनी शेवया कमी, भाजी जास्त असेच ताट वाढून घ्यावे. शेवया घरच्या आहेत म्हणून साखर वाढायची थांबत नाही.

परसात गवती चहा असेल तर थायलंडच्या पद्धतीचे पातळ सूप दहा मिनिटांत होते. पाती ठेचून आल्याबरोबर उकळावी, टोमॅटो आणि मशरूम घालावे, पाती काढून टाकावी आणि शेवटी लिंबू. इंडोनेशियात उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी पातळ करून घालतात. आपल्याकडे दाण्याचा कूट, लसूण, चिंच आणि किंचित गूळ यांना कुठे तोटा आहे? सोयाबीनचे पनीर घरी करणाऱ्यांनी मात्र वाटलेले दूध ढवळत निदान दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळावे. कच्चे सोयाबीन पचत नाही आणि पोट बिघडवते.

हे सांगू लागलो की एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री. घामातून मीठ जातं, मग कमी कसं खायचं?" भर उन्हात शेतात राबणाऱ्याचा प्रश्न वेगळा. त्याला पाण्याबरोबर मीठही लागते. पण पंख्याखाली बसणाऱ्याला रोजच्या जेवणातले मीठ पुरून उरते. आणि केवळ चायनीजला नावे ठेवून शेवभाजीची तर्री ओरपणाऱ्यांनी हसू नये. त्या शेवेतही मीठ आहेच, तेलाचे तर विचारूच नका.

बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये.

आप्पांच्या घरी आता आठवड्यातून एकदाच बेत होतो, आणि सोया सॉसच्या बाटलीच्या गळ्यात नातीने चहाचा चमचा दोऱ्याने बांधून ठेवला आहे. सहा आठवड्यांनी त्यांचा दाब १४२/८८ भरला. गोळी मी बंद केलेली नाही, आणि आप्पांनीही आपल्या मनाने करायची नाही असे ठरले आहे.